पाच बोटांचं पाऊल

१

"‘रुग्णाची प्रकृती समाधानकारक आहे. अलीकडे ती वॉर्डातल्या इतर बायकांना त्यांच्या घरून आलेली पत्रं वाचून दाखवते आणि...’"

"काय करते?"

"पत्रं वाचून दाखवते, मेनियामावशी."

"कोण? आमची ओर्सोला?" मेनिया कांदुसियोला इतकं हसू आलं की तिनं ओच्यानं डोळे पुसले. चुलीवर मक्याची पोलेंता रटरटत होती. एका हातानं ती ढवळायचं काम मात्र चालूच होतं. "अहो बाई, अक्षर म्हणजे तिला भिंतीवरचं जळमट! पाद्रीबाबांनी दोन हिवाळे डोकंफोड केली आणि शेवटी म्हणाले, ओर्सोला, तू आपल्या गाई सांभाळ."

ओदिलिया तवान वाल्मोरा गावात मास्तरीण म्हणून येऊन चारच महिने झाले होते. गावातल्या निम्म्या घरांची पत्रं आता तीच वाचायची आणि तीच लिहायची. ओर्सोलाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की वर्षानुवर्षं नुसत्या मक्यावर काढल्यानं ओर्सोलालाही डोंगरातल्या बऱ्याच जणींसारखा पेलाग्रा झाला. आधी हातांची साल निघाली, मग डोकं फिरलं, आणि ती नदीत चालत जायला लागली. १८८६ च्या वसंतात तिला खाली सपाटीवरच्या सांता आपोलोनियाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

"तिकडे शिकली असेल," ओदिलिया म्हणाली. "चांगलं खायला मिळालं की डोकं ताळ्यावर येतं म्हणतात."

"ताळ्यावर येईल हो. पण आधी ज्यात नव्हतंच काही, त्यात येणार कुठून?" मेनिया पुन्हा हसली. "बरं, पुढं वाचा."

पुढं फारसं काही नव्हतं. पण पाकिटात एक तपकिरी कागद घडी घालून ठेवला होता, आणि सोबत सिस्टर गाउदेन्झियाची दोन ओळींची चिठ्ठी होती. ‘तुम्ही शिवून पाठवलेले कापडी जोडे ओर्सोलाला फार घट्ट होतात. तिच्याच सांगण्यावरून डाव्या पावलाचं माप काढून पाठवत आहे.’

ओदिलियानं घडी उलगडली. कागदावर पेन्सिलीनं एक पाऊल काढलं होतं. टाच, चवडा, बोटं. रेघ अगदी सावकाश फिरवलेली दिसत होती, एकेका बोटाच्या फटीत शिरून बाहेर आलेली.

मेनिया पाहायला वाकली आणि तिचा हात थांबला. पोलेंता ढवळताना हात थांबवायचा नसतो, हे त्या घरातल्या मांजरालाही माहीत असेल. खालून करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. एकेका बोटावर आपलं बोट टेकवत तिनं मोजलं. मग उलट्या बाजूनं पुन्हा मोजलं.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या डाव्या पायाला चार बोटं आहेत."

"म्हणजे?"

"करंगळी मी तोडली. ती सहा वर्षांची होती, मी नऊ. गवत कापत होतो, विळा माझ्या हातात होता. छत्तीस वर्षं मी तो पाय बघतेय. एकदासुद्धा तिनं बोलून दाखवलं नाही." तिनं कागद उचलून उजेडाला धरला. "हे पाऊल ओर्सोलाचं नाही. मग हे कुणाचं? आणि माझी ओर्सोला कुठंय?"

२

मिठाच्या पेटीतून अकरा पत्रं निघाली. ओदिलियानं ती तारखेप्रमाणे टेबलावर मांडली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. आजवर ती पाद्रीबाबा वाचून दाखवायचे, तेही प्रार्थनेच्या घाईत, एकेक सुटं. सगळी एका बैठकीत कुणी वाचलीच नव्हती.

सगळ्या पत्रांखाली सेक्रेटरी बासिलिओ मेस्त्रोनी याची सही होती, अक्षरही त्याचंच. पहिल्या पाच पत्रांतली बाई मेनियाला लगेच ओळखू आली. ती गाईंची चौकशी करायची, पाव आणि रस्सा मिळाला की रडायची, सांगितलेलं सगळं मुकाट्यानं ऐकायची. डॉक्टर पेर्तोल्दींनी तिच्यावर नवा उपचार सुरू केला होता: कोमट पाण्याच्या टबात बसवायचं, वरून लाकडी झाकण लावायचं, फक्त डोकं बाहेर. रोज चार तास. आठ नोव्हेंबर १८८६ च्या पत्रात लिहिलं होतं, ‘आजही रुग्णाने चार तास स्नान घेतले. काळजीचे कारण नाही.’

त्यानंतरचं पत्र वीस नोव्हेंबरचं.

"‘रुग्णाला विचित्र भ्रम झाला आहे. आपण ओर्सोला नसून दुसरीच कुणी आहोत असे ती म्हणते. नातेवाईक भेटल्यास भ्रम बळावेल, सबब भेटीस येऊ नये.’" ओदिलियानं मान वर केली. "तुम्ही गेला होतात ना?"

"दोनदा. नाताळात आणि ईस्टरनंतर. फाटकातूनच परत पाठवलं."

पुढच्या प्रत्येक पत्रात तोच भ्रम, आणि त्यावर थंड पाण्याच्या धारेचा उपाय. रुग्ण हट्टी आहे. रुग्ण नावानं हाक मारल्यास ओ देत नाही. रुग्णानं डॉक्टरांना उलट उत्तर दिलं.

"ओर्सोलानं? उलट उत्तर?" मेनिया म्हणाली. "तिला कुत्र्याच्या नावानं हाक मारली असती तरी तिनं ओ दिली असती."

ओदिलियानं आठ आणि वीस नोव्हेंबरच्या पत्रांच्या मधे बोट ठेवलं. "मावशी, इथं काहीतरी झालंय. या बारा दिवसांत."

दुसऱ्या दिवशी मेयर झुझ्झी शाळेत आले. गावात बातमी पोचायला पायवाटही लागत नाही. ओर्सोलाच्या वेडाच्या दाखल्यावर त्यांची सही होती आणि डॉक्टर पेर्तोल्दी हे त्यांच्या लेखी फार मोठं नाव होतं.

"पोरांना वाऱ्यावर सोडून तुम्ही वेडीची बोटं मोजायला निघालात म्हणे?"

"हो. चार की पाच, एवढंच बघून येते."

"बाई, तुमची नेमणूक माझ्या हातात आहे. गेलात तर परत यायचे कष्ट घेऊ नका."

ओदिलियानं खडू खाली ठेवला आणि हात झटकले. आईला दर महिन्याला काय पाठवायचं हा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण शेजारच्या बाकावर आधीच प्रवासाची शाल पांघरून बसलेली मेनियाही तिला दिसत होती.

"मग फळ्यावरची तारीख तेवढी रोज कुणाला तरी बदलायला सांगा," ती म्हणाली. "मुलांना खोटी तारीख वाचायची सवय नको."

३

सेक्रेटरी मेस्त्रोनी हा शाईचे डाग पडू नयेत म्हणून बाह्यांवर काळी फडकी बांधणारा, मऊ आवाजाचा, सडपातळ माणूस निघाला. त्यानं दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली, मेनियाचे जोडे ओले झालेत म्हणून हळहळलाही.

"पण भेट नाही हो होणार. डॉक्टरांचा हुकूम आहे. तुम्हाला पाहिलं की बिचारी आणखी बिघडेल."

"माझी बहीण आहे ती. बिघडली तर माझ्यासमोर बिघडू दे."

"समजतं मला, मावशी..."

"मावशी गावातल्यांना. तुम्हाला कांदुसियोबाई."

मेस्त्रोनी कसनुसा हसला. ओदिलियानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सिस्टरनी पावलाचं माप पाठवलं, ते पाकीट तुमच्याच हातून गेलं असेल ना?"

"सगळं टपाल माझ्याच हातून जातं. रुग्णांची पत्रं वाचल्याशिवाय बाहेर सोडत नाही आम्ही. पण ते काय, जोड्यांचं माप. बघू तो कागद?"

बोलणं पुरं व्हायच्या आत त्याचा हात पुढं आलेला ओदिलियाला दिसला. कागद तिच्या चोळीत होता.

"तो घरीच राहिला," ती म्हणाली.

बाहेर धुलाईच्या अंगणात चादरी वाळत होत्या. त्यांच्या आडून एक ठेंगणी, लालबुंद गालांची नन धापा टाकत आली. "तुम्ही ओर्सोलाच्या घरच्या ना? मी सिस्टर गाउदेन्झिया. जोडे आणलेत?"

"आणू. आधी एक सांगा," ओदिलिया म्हणाली. "तुम्ही इथं कधीपासून आहात?"

"शहाऐंशीच्या पंधरा नोव्हेंबरपासून. आम्ही सहाजणी एकदमच आलो. आधीच्या दायांना सेक्रेटरीसाहेबांनी चार दिवस आधी काढून टाकलं होतं, सगळ्यांना एका झटक्यात. बिचाऱ्या बायका चार दिवस देवाच्या हवाल्यावर होत्या."

"म्हणजे त्याआधीची ओर्सोला तुम्ही कुणीच पाहिलेली नाही."

"नाही. मी आले तेव्हापासून ती हेच म्हणतेय, मी झेलिंदा वेस्प्री, मी झेलिंदा वेस्प्री."

"ही झेलिंदा कोण?"

"होती एक. अनाथाश्रमातली, पुढं मागं कुणी नाही. रेशमाच्या गिरणीत मुकादमानं अंगाला हात लावला म्हणून तिनं उकळत्या पाण्याचा डाव त्याच्या तोंडावर ओतला, म्हणून इथं आणली. नऊ नोव्हेंबरला न्यूमोनियानं गेली. नोंदवहीत आहे ना, मी स्वतः बघितलंय." सिस्टरनं आवाज खाली आणला. "आणि खरी नवलाची गोष्ट सांगू? आपल्या ओर्सोलाचा भ्रम अख्ख्या वॉर्डाला लागलाय. सतराजणी तिला झेलिंदाच म्हणतात. डॉक्टर त्यावर लेख लिहिताहेत. एकीचं वेड दुसरीला कसं लागतं, असा."

"सिस्टर, सतराजणी एकच गोष्ट सांगताहेत. पंधरा महिने."

"अहो पण बाई, त्या वेड्या आहेत!"

हे तोंडातून गेलं मात्र, सिस्टरचे लाल गाल उतरत गेले. ओदिलियानं कागद काढून तिच्यापुढं धरला. "डावाच पाय काढा, असं तिनंच सांगितलं?"

"तीनदा सांगितलं. एकेका बोटाभोवती पेन्सिल फिरवायला लावली. मला वाटलं, खूळ."

मेनियानं मग विळ्याची गोष्ट सांगितली. तीन वाक्यांत सांगितली, आणि सिस्टर गाउदेन्झिया वाळत घातलेल्या ओल्या चादरीला धरून उभी राहिली.

"थंड धारेखाली ती सुटू बघायची," ती हळूच म्हणाली. "तिचे खांदे मी धरायची. आता ‘मी ओर्सोला’ म्हण, की सोडते, असं सांगायची. देवा रे! पंधरा महिने मी कुणाला धरून ठेवत होते?"

४

डॉक्टर पेर्तोल्दींच्या खोलीकडे जिना चढताना ओदिलियाचा हिशेब जवळपास पुरा झाला होता. ओर्सोला टबात मेली. डॉक्टरांच्या नव्या उपचाराची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी तिला कागदावर जिवंत ठेवलं, आणि जिच्यामागं कुणी विचारणारं नाही तिला कागदावर मारलं. खुनी वर बसला आहे आणि आपण त्याच्या दारात चाललो आहोत, असंच तिला वाटत होतं.

डॉक्टरांनी दोघींचं स्वागत मात्र माहेरच्या माणसांसारखं केलं. दाढी विंचरलेली, भिंतभर फायली, प्रत्येकीला निळी फीत. "ओर्सोला कांदुसियो! माझी सगळ्यात महत्त्वाची केस!" त्यांनी एक छापील लेख मेनियाच्या हातात ठेवला. मेनियानं तो उलटा धरला. "सहा महिन्यांच्या स्नानानं पेलाग्राचा उन्माद गेला. पुढं हा वेगळा भ्रम उपटला, ते सोडा."

"नोव्हेंबरात ती फार आजारी होती का?" ओदिलियानं विचारलं.

"नोव्हेंबरात मी बोलोन्याला होतो, व्याख्यानांसाठी. तीन आठवडे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तिचा जीव माझ्या एका पत्रानं वाचलाय." डॉक्टर खुर्चीत सावरून बसले. "निघायच्या दिवशी तिची नाडी पाहिली होती. गाडीत बसल्यावर मनात आलं, हृदय थकलंय हिचं, टब झेपायचा नाही. बोलोन्याहून लगेच रजिस्टर पत्र टाकलं: कांदुसियोचं स्नान तात्काळ थांबवा. नाहीतर आज तुम्ही तिच्या कबरीवर आला असतात."

 जिन्यावर बांधलेला ओदिलियाचा हिशेब कोसळला होता. ज्यानं हे केलं असेल तो या पत्राचं नावही काढणार नाही. हा माणूस तर बढाई मारत होता.

"ते पत्र इथं पोचलं का?"

"म्हणजे काय!" डॉक्टरांनी निळ्या फितीची एक फाईल उघडली आणि अचूक जागी बोट घातलं. कागद ठेवावेत तर यांनीच. "ही पोचपावती. पाच नोव्हेंबर. सही, बासिलिओ मेस्त्रोनी."

ओदिलियानं आपल्या पिशवीतून एक पत्र काढलं आणि पावतीशेजारी ठेवलं. "हे आठ नोव्हेंबरचं. त्याच मेस्त्रोनींच्या हातचं. वाचा."

डॉक्टरांनी वाचलं. ‘आजही रुग्णाने चार तास स्नान घेतले.’ मग पुन्हा वाचलं.

"लिहिताना चूक झाली असेल," ते म्हणाले. "मी परतलो तेव्हा ती ठणठणीत होती. दर आठवड्याला तपासतो मी तिला."

"मग एवढंच सांगा, डॉक्टरसाहेब. ओर्सोलाच्या डोळ्यांचा रंग कोणता?"

५

डॉक्टरांचा हात आपोआप फायलीकडे गेला. फायलीत डोळ्यांचा रंग नव्हता.

"तिला इथं आणा," ओदिलिया म्हणाली. "आणि सेक्रेटरींनाही बोलवा."

सिस्टर गाउदेन्झिया जिला घेऊन आली ती चाळिशीची, केस कातरलेली, ताठ मानेची बाई होती. मेस्त्रोनी दाराशीच उभा राहिला.

"ये, ओर्सोला, बस," डॉक्टर म्हणाले.

ती बसली नाही. तिची नजर मेनियावर होती.

"तुम्ही मेनिया," ती म्हणाली. "नाक तिच्यासारखंच आहे. कागद पोचला तर!"

मेनियानं तिला नखशिखांत न्याहाळलं. "ही माझी बहीण नाही," ती शेवटी म्हणाली.

"मी पंधरा महिने तेच सांगतेय." बाईनं वाकून डाव्या पायातला घट्ट जोडा ओढून काढला आणि पाऊल डॉक्टरांच्या गालिच्यावर ठेवलं. "मोजा, डॉक्टर."

सिस्टरनं फाईल उलटून पहिलं पान काढलं, ओर्सोलाला दाखल केलं त्या दिवसाचं, आणि डॉक्टरांपुढं सरकवलं. डॉक्टरांच्या स्वतःच्या अक्षरात होतं, ‘डाव्या पायाची करंगळी नाही, जुनी जखम.’ डॉक्टरांनी पानाकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं. पाच बोटं. 

ओदिलियानं मग एकेक गोष्ट सांगितली, वर्गात सांगावी तशी. "स्नान थांबवा हे पत्र पाचला आलं. आठला स्नान चालूच होतं. नऊला एक बाई मेली. ती ओर्सोला होती. डॉक्टर आले की पहिलं विचारणार, माझं पत्र काय केलंत? तेव्हा ओर्सोला जिवंतच हवी. मग मेली कोण? जिची चौकशी करायला जगात कुणी नाही ती. अकरा तारखेला सगळ्या दायांना काढलं, म्हणजे चेहरे ओळखणारं कुणी उरलं नाही. भेटी बंद केल्या, म्हणजे मावशी दूर. उरले एक डॉक्टर. ते ओळखणार नाहीत याची मेस्त्रोनींना खात्री असली पाहिजे."

"खात्री कसली!" डॉक्टरांकडे वळताना मेस्त्रोनीचा मऊ आवाज चिरकला. "तुम्ही परत आलात, त्या खाटेपाशी उभे राहिलात, तेव्हा वाटलं, संपलं आपलं. ती ओरडून सांगत होती मी झेलिंदा, मी झेलिंदा. आणि तुम्ही वही काढून म्हणालात, फार छान, नवीन लक्षण." तो भिंतीला टेकला. "बोलोन्याहून दिवसाला दोन-दोन पत्रं यायची. खिडक्यांना तेल लावा, माझा लेख शोधा, हे करा, ते करा. मी पावतीवर सह्या करत होतो आणि पत्रं खणात टाकत होतो. ते पत्र मी फोडलं ती मेल्यावर. मला तिला मारायचं नव्हतं."

"मयत म्हणून शिक्का मात्र मारायचा होता," झेलिंदा म्हणाली. "माझ्यावर."

"ती कशी गेली?" मेनियानं तिला विचारलं. "तुम्ही होतात तिथं?"

"शेजारच्या टबात. माझ्यावरही झाकण होतं." झेलिंदानं पहिल्यांदाच आवाज सौम्य केला. "ती म्हणाली छातीत दुखतंय. दाई जेवायला गेली होती. मी ओरडले, ती ओरडली, दोघी ओरडलो. पण या घरात ओरडण्याला कोण उठतं?"

 डॉक्टरांनी टेबलावरून एक छापील कागद उचलला.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "आताच्या आता."

६

मार्ग सोपा होता. ओर्सोला कांदुसियो बरी झाली असा दाखला डॉक्टर देतील. मेनियानं नातेवाईक म्हणून अंगठा द्यावा. ही बाई तासाभरात फाटकाबाहेर. मेस्त्रोनीला ते उद्या काढून टाकतील. "नाहीतर अडचण अशी की झेलिंदा वेस्प्री कागदोपत्री मयत आहे. मयताला मी सोडणार कसा? आणि तिला सोडवून नेणारं तर कुणीच नाही."

ओदिलिया मेनियाच्या कानाशी वाकली. "मावशी, द्या अंगठा. आधी हिला बाहेर काढू. मग न्यायाधीशांकडे जाऊ. आत राहिली तर हे काय करतील सांगता येत नाही."

शहाणपणाचंच होतं ते. मेनियानं अंगठा शाईवर टेकवलादेखील.

"नको," झेलिंदा म्हणाली.

"अहो, सुटाल तुम्ही!"

"सुटेल ती ओर्सोला. मी इथंच पुरलेली राहीन." तिनं जोडा हातातच धरला होता. "बाई, मी अनाथाश्रमाच्या दारात सापडले ती संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेला. त्या प्रार्थनेचं नाव वेस्प्री, म्हणून मीही वेस्प्री. आई नाही, बाप नाही, नाव तेवढं मिळालं. गार पाण्याखाली जीव कासावीस व्हायचा तेव्हा ‘मी ओर्सोला’ एवढं म्हटलं असतं तर धार थांबत होती. नाही म्हटलं. आता फाटकातून बाहेर पडायला म्हणेन?"

मेनियानं शाईचा अंगठा आपल्या काळ्या झग्याला पुसला.

"मीही नाही देत," ती डॉक्टरांना म्हणाली. "माझी बहीण मेलीय. ती बरी होऊन घरी गेली असं मी लिहून देऊ? मग तिच्यासाठी रडू कुठं?" ती दारात गेली आणि मधोमध फरशीवर बसकण मारली. "बोलवा न्यायाधीशांना. तोवर या दारातून कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही."

झेलिंदा तिच्या शेजारी बसली, एका पायात जोडा, एक पाय उघडा. ओदिलियाला आपल्या शहाणपणाची लाज वाटली. मग तीही बसली.

"हा तमाशा आहे!" डॉक्टर ओरडले. "सिस्टर, रखवालदारांना बोलवा!"

सिस्टर गाउदेन्झियानं कमरेची किल्ल्यांची जुडी सोडली. "मी जातेय, डॉक्टर. पण न्यायाधीशांकडे," ती म्हणाली, आणि बसलेल्या तिघींच्या मधून झगा उचलून पलीकडे गेली. ती गेली आणि वॉर्डातल्या सतराजणी जिना चढून येताना दिसल्या. त्यांना दार कुणी उघडं ठेवलं हे तिनं पुढंही कधी सांगितलं नाही. त्या आल्या आणि एकेक करून दारापासून जिन्यापर्यंत बसल्या. रखवालदारांनी दोनदा पाऊल पुढं टाकलं, दोनदा मागं घेतलं.

न्यायाधीश दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आले. त्यांनी खण उघडायला लावला. बोलोन्याचं पत्र त्यातच होतं. मेस्त्रोनीला ते जाळायचाही धीर झाला नव्हता. सतराजणींना साक्षीला उभं केलं तेव्हा त्यांचा कारकून लेखणी वर धरून म्हणाला, "साहेब, वेड्यांची साक्ष लिहून घ्यायची?"

"लिही," न्यायाधीश म्हणाले. "इथं खरं बोलणाऱ्या एवढ्याच भेटल्या."

मेस्त्रोनीला त्याच दिवशी गाडीत बसवून नेलं. डॉक्टर पेर्तोल्दींचा भ्रमाच्या संसर्गावरचा लेख कधी छापून आला नाही. उन्हाळ्यात त्यांनी पद सोडलं, पण शिक्षा म्हणावी अशी काही त्यांना झाली नाही. ओदिलियाची नोकरी गेली ती गेलीच. पुढचा हिवाळाभर तिनं मेनियाच्या स्वयंपाकघरात शाळा भरवली, आणि मेयरच्या शाळेत फळ्यावर तारीख बदलायला कुणी उरलं नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दुपारी, जबान्या संपल्यावर, चौघी इस्पितळामागच्या दफनभूमीत गेल्या. कागदपत्रं घेऊन कारकूनही मागून आला. तिसऱ्या रांगेत एक लाकडी क्रूस होता, त्याच्या आडव्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: ‘वेस्प्री झेलिंदा, १८८६.’

झेलिंदानं ते वाचलं. मग दोन्ही हातांनी क्रूस धरून हलवायला लागली. जमीन गोठलेली होती. मेनियानं दुसरी बाजू धरली, आणि तो उपटून निघाला.

"अहो, अहो!" कारकून पुढं धावला. "असा काढता येत नाही! परवानगी लागते!"

"कुणाची?" झेलिंदा म्हणाली. "नाव माझं आहे."

तिनं फळी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. चादरींवर खुणा करायची काळी शाई सिस्टरनं खिशातून काढून दिली. झेलिंदानं गुडघ्यावर फळी घेऊन मोठ्या, सरळ अक्षरांत ‘ओर्सोला कांदुसियो’ लिहिलं. मेनियाला वाचता येत नव्हतं. ओदिलियानं तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर टेकवलं, आणि ती शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश फिरवत गेली. मेनिया रडत होती, पण तिचा आवाज हलला नाही.

"खाली अजून जागा आहे का?"

"आहे," झेलिंदा म्हणाली.

"मग लिही. न्यूमोनिया नव्हता. झाकणाखाली कोंडून मारली."

कारकून घुटमळला. "बाई, कबरीवर असं लिहीत नाहीत."

"आजपासून लिहितात," मेनिया म्हणाली, आणि शाईची दौत झेलिंदाच्या जवळ सरकवली.